उल्वा : एका सर्वपरिचित हरित समुद्रशैवालाची ओळख आणि नावाचा प्रश्न

सारांश

खडकाळ समुद्रकिनाऱ्यावर सर्वत्र आढळणारे 'उल्वा' हे हरित शैवाल पदवी स्तरावरील वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना चांगले परिचित आहे. प्रजाती म्हणून ते सहज ओळखता येते. मात्र त्याची जाती केवळ बाह्य आकारावरून ठरविता येत नाही. प्रस्तुत लेखात उल्वाची रचना, जीवनचक्र, सदृश शैवालांपासून त्याचे वेगळेपण, आकारातील अस्थिरतेची कारणे आणि त्याच्या नावाचा १७५३ पासूनचा इतिहास यांचा परामर्श घेतला आहे. २०१९ मध्ये झालेल्या मूळ नमुन्याच्या जनुकीय तपासणीमुळे आपल्या किनाऱ्यावरील उल्वाच्या नावाचा फेरविचार करणे आवश्यक झाले आहे. त्या दृष्टीने महाविद्यालयीन संग्रहांसाठी एक कार्यपद्धती सुचविली आहे.

बीजशब्द : उल्वा, हरित शैवाल, कायक, प्ररूप नमुना, जातिनिश्चिती, वनस्पतिसंग्रह

१. प्रास्ताविक

पावसाळा सरल्यानंतर हर्णै, रत्नागिरी, मालवण किंवा मुंबईतील वांद्रे येथील खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी गेले असता कातळावर आणि कातळातील डबक्यांच्या कडेला हिरवेगार, तकतकीत, पानासारखे पातळ शैवाल दृष्टीस पडते. पाण्यात असताना ते पालेभाजीच्या पानाप्रमाणे पसरते आणि पाणी ओसरले की ओल्या कापडाप्रमाणे खडकाला चिकटून राहते. हेच उल्वा होय. 'लॅक्टुका' या लॅटिन शब्दाचा अर्थ लेट्यूसची भाजी असा आहे. या साम्यावरूनच त्याच्या सर्वांत प्रसिद्ध जातीस 'उल्वा लॅक्टुका' हे नाव मिळाले.

वनस्पतिशास्त्र विभागांच्या सहलींमध्ये हे शैवाल हमखास गोळा केले जाते. ते वाळवून कागदावर चिकटविले जाते आणि खाली 'उल्वा लॅक्टुका' किंवा 'उल्वा फॅसिएटा' अशी चिठ्ठी लावली जाते. हे नाव कशाच्या आधारे लिहिले, असा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. पाठ्यपुस्तकातील आकृतीशी साम्य दिसले, एवढाच आधार बहुधा असतो. हा आधार पुरेसा आहे काय, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखात मराठी परिभाषेतील रूढ संकेतानुसार 'प्रजाती' हा शब्द जवळच्या जातींच्या समूहासाठी आणि 'जाती' हा शब्द त्यातील एका घटकासाठी वापरला आहे. 'उल्वा' ही प्रजाती, तर 'उल्वा लॅक्टुका' ही तिची एक जाती.

२. रचना

उल्वाच्या शरीरास मूळ, खोड, पान असे खरे अवयव नसतात. अशा शरीरास 'कायक' म्हणतात. पानासारख्या उल्वाचा कायक पेशींच्या केवळ दोन थरांचा बनलेला असतो आणि त्याची जाडी सहसा मिलीमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. दोन्ही थर एकमेकांस घट्ट चिकटलेले असतात. प्रत्येक पेशीत एक केंद्रक आणि पेशीच्या एका बाजूस पसरलेले, पेल्यासारखे किंवा पट्ट्यासारखे एक हरितलवक असते. हरितलवकात एक किंवा अधिक 'पायरेनॉइड' असतात. त्यांच्याभोवती पिष्ट साठत असल्याने आयोडिनाच्या द्रावणाने ते गडद रंगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात.

कायकाच्या तळाशी असलेल्या पेशींपासून नळीसारखे तंतू निघतात. ते दोन थरांच्या मधून खाली उतरतात आणि एकत्र येऊन एक लहानशी चकती तयार करतात. या चकतीच्या साहाय्याने शैवाल खडकास धरून राहते. तिचे कार्य आधार देण्यापुरतेच आहे. पाणी व क्षार तर कायकाच्या सर्व पृष्ठभागावरून शोषले जातात. दोनच थर असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक पेशीचा पाण्याशी थेट संपर्क असतो आणि प्रत्येक पेशी प्रकाशसंश्लेषण करते. उल्वाच्या वेगवान वाढीचे एक प्रमुख कारण या साध्या रचनेत आहे. पाण्यात नायट्रोजनयुक्त क्षार विपुल असतील, तर इतर शैवालांना मागे टाकून ते अल्पावधीत सर्वत्र पसरते. म्हणूनच सांडपाणी मिसळणाऱ्या किनाऱ्यांवर त्याची दाट वाढ हा प्रदूषणाचा एक दर्शक मानला जातो.

३. जीवनचक्र

उल्वाच्या जीवनचक्रात दोन पिढ्या आळीपाळीने येतात. एक पिढी एकगुणित असून ती युग्मके निर्माण करते. दुसरी द्विगुणित असून ती बीजुके निर्माण करते. या दोन्ही पिढ्यांचे कायक बाहेरून अगदी सारखे दिसतात. खडकावरील दोन शेजारी कायकांपैकी कोणता कोणत्या पिढीचा आहे, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही.

प्रजननासाठी उल्वात स्वतंत्र अवयव नसतात. कायकाच्या कडेच्या सामान्य पेशींचेच रूपांतर होऊन त्यांच्या आत चल पेशी तयार होतात. त्या वेळी कडेचा रंग पिवळसर किंवा तपकिरी छटेचा होतो आणि पेशी बाहेर पडल्या की रिकाम्या भित्तिकांमुळे कड पांढरी दिसते. ही पांढरी कड कुजण्याचे लक्षण आहे असा विद्यार्थ्यांचा समज होण्याची शक्यता असते. वस्तुतः ती बऱ्याचदा प्रजनन पूर्ण झाल्याची खूण असते.

युग्मकांना पोहण्यासाठी चाबकासारखे दोन तंतू, म्हणजे प्रकेसले असतात, तर चलबीजुकांना चार. युग्मके प्रकाशाच्या दिशेने पोहतात. त्यामुळे ती पाण्याच्या पृष्ठभागाजवळ एकत्र येऊन त्यांचे मीलन सुकर होते. चलबीजुके आणि मीलनानंतर तयार झालेला युग्मज मात्र प्रकाशापासून दूर, तळाकडे जातात. तेथे त्यांना रुजण्यास खडक मिळतो. ताजे, प्रजननक्षम उल्वा समुद्राच्या पाण्यासह काचेच्या बशीत ठेवून एका बाजूने प्रकाश दिल्यास हा फरक प्रयोगशाळेतही दाखविता येतो. सूक्ष्मदर्शकाखाली प्रकेसले मोजली की कायकाची पिढीही कळते.

४. सदृश शैवालांपासून वेगळेपण

प्रजाती म्हणून उल्वाची ओळख पटविण्यासाठी पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

(अ) रंग : कायक गवती हिरवा असावा. पावसाळ्यात कोकणच्या खडकांवर 'पोर्फिरा' गटातील पातळ, पानासारखे शैवाल वाढते. परंतु त्याच्या रंगात जांभळट-तांबूस छटा असते आणि ते लाल शैवालांपैकी आहे.

(आ) पेशींची मांडणी : कायकाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यास स्वतंत्र, बहुकोनी पेशी दिसल्या पाहिजेत. 'कॉलर्पा' हे हिरवे शैवालही किनाऱ्यावर विपुल आढळते. पण त्याच्या शरीरात पेशी-पेशींना विभागणाऱ्या भित्तिकाच नसतात.

(इ) थरांची संख्या : पात्याने कायकाचा पातळ आडवा छेद घ्यावा. पेशींचे दोन थर दिसल्यास पानासारखे उल्वा. एकच थर दिसल्यास 'मोनोस्ट्रोमा' किंवा त्याच्या जवळची प्रजाती. नुसत्या डोळ्यांना ही दोन्ही सारखी भासू शकतात, म्हणून छेद घेतल्याशिवाय नाव लिहू नये.

(ई) पोकळी : कायक नळीसारखा असून त्याची भिंत एका थराची असल्यास ते जुन्या पुस्तकांतील 'एंटेरोमॉर्फा' होय. आज त्याचाही समावेश उल्वामध्येच होतो. याचे कारण पुढे दिले आहे.

येथपर्यंतचे काम साधा सूक्ष्मदर्शक असलेल्या कोणत्याही महाविद्यालयात खात्रीने करता येते. अडचण यानंतर सुरू होते.

५. आकार का फसवितो?

जाती ठरविण्यासाठी पारंपरिक ग्रंथांत कायकाची रूपरेषा, कडेवरील सूक्ष्म दाते, छिद्रे, कायकाची जाडी, छेदातील पेशींची उंची आणि पायरेनॉइडची संख्या ही लक्षणे वापरली जातात. उदाहरणार्थ, फितीसारख्या लांब पाळ्यांत विभागलेला कायक दिसला की 'उल्वा फॅसिएटा', जाळीदार असला की 'उल्वा रेटिक्युलाटा' असे म्हटले जाते. ही लक्षणे निरुपयोगी नाहीत. परंतु त्यांपैकी अनेक लक्षणे कायकाचे वय, लाटांचा मारा, पाण्याची क्षारता, प्रकाश आणि पोषकद्रव्ये यांनुसार एकाच जातीत बदलतात. एकाच कायकाच्या टोकाकडील व तळाकडील पेशींचा आकारही सारखा नसतो. दुसरीकडे, बाहेरून सारखी दिसणारी दोन शैवाले जनुकीयदृष्ट्या भिन्न जातींची असल्याचेही आढळून आले आहे.

आकाराच्या या अस्थिरतेचे एक विलक्षण कारण जीवाणूंमध्ये आहे. १९५० च्या दशकात लुइगी प्रोव्हासोली यांनी दाखवून दिले की, पूर्णतः जीवाणुरहित माध्यमात वाढविलेले उल्वा आपला पानासारखा आकार गमावते. कायकाच्या पृष्ठभागावर राहणारे काही विशिष्ट जीवाणू परत मिळाले, तरच त्याची वाढ नेहमीसारखी होते. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी समुद्री जीवाणूपासून 'थॅलुसिन' हे द्रव्य वेगळे केले. पानासारखा आकार घडविण्यास हे द्रव्य अत्यल्प प्रमाणातही कारणीभूत होते, असे मोनोस्ट्रोमावरील प्रयोगांत दिसून आले. म्हणजे आपण ज्याला 'उल्वाचा आकार' म्हणतो, तो शैवाल आणि त्याचे सहवासी जीवाणू यांच्या संयुक्त क्रियेतून घडतो. आकार हे ज्याचे एकट्याचे कर्तृत्व नाही, त्याची ओळख केवळ आकारावरून पटविण्यास मर्यादा पडणे स्वाभाविक आहे.

६. नावाचा इतिहास

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५३ मध्ये 'स्पीशीज प्लांटेरम' या ग्रंथात उल्वा प्रजातीखाली पानासारखे 'उल्वा लॅक्टुका' आणि नळीसारखे 'उल्वा इंटेस्टिनॅलिस' ही दोन्ही नोंदविली. १८२० मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ लिंक यांनी नळीसारख्या शैवालांसाठी 'एंटेरोमॉर्फा', म्हणजे 'आतड्याच्या आकाराचे', ही वेगळी प्रजाती कल्पिली. ती पुढे जवळजवळ दोनशे वर्षे टिकली. २००३ मध्ये जनुकीय पुराव्याच्या आधारे दोन्ही प्रजाती पुन्हा एकत्र करण्यात आल्या. नळी आणि पान हे दोन्ही आकार उत्क्रांतीच्या ओघात वारंवार बदलले असून 'उल्वा कॉम्प्रेसा' ही एकच जाती कधी नळीच्या, तर कधी पानाच्या रूपात आढळते. लिनियस यांची मूळ मांडणीच योग्य होती, असा त्या संशोधनाचा निष्कर्ष होता. आजही 'एंटेरोमॉर्फा' शिकविले जात असेल, तर ते इतिहासातील नाव म्हणून शिकविणे उचित ठरेल.

याहून महत्त्वाचा प्रश्न 'उल्वा लॅक्टुका' या नावाचा आहे. जीवशास्त्रीय नामकरणाच्या नियमांनुसार जातीचे नाव एखाद्या वर्णनाशी नव्हे, तर एका विशिष्ट वाळविलेल्या नमुन्याशी जोडलेले असते. त्यास 'प्ररूप नमुना' म्हणतात. लिनियस यांच्या मृत्यूनंतर त्यांचा संग्रह १७८४ मध्ये जेम्स एडवर्ड स्मिथ या इंग्रज अभ्यासकाने विकत घेतला. तो आज लंडन येथील लिनियन सोसायटीत जतन केलेला आहे. उल्वा लॅक्टुकाचा प्ररूप नमुना त्यातच आहे. उत्तर युरोपच्या थंड किनाऱ्यांवरील सामान्य उल्वा म्हणजेच उल्वा लॅक्टुका, हे गृहीत धरून पिढ्यानुपिढ्या पाठ्यपुस्तके लिहिली गेली.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या मूळ नमुन्याच्या जनुकीय द्रव्याचे विश्लेषण करण्यात आले, तेव्हा हे गृहीतक कोसळले. तो नमुना उत्तर अटलांटिकमधील थंड पाण्यातील शैवालाशी जुळला नाही. तो उष्ण व समशीतोष्ण समुद्रांत आढळणाऱ्या 'उल्वा फॅसिएटा'शी जुळला. 'उल्वा फॅसिएटा' हे नाव देलील या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१३ मध्ये ईजिप्तच्या किनाऱ्यावरील शैवालास दिले होते. अग्रक्रमाच्या नियमानुसार जुने नाव टिकते. म्हणून फॅसिएटा हे आता लॅक्टुकाचे पर्यायी नाव ठरले. उत्तरेकडील थंड पाण्यातील ज्या शैवालास आजवर लॅक्टुका म्हटले जात होते, त्यास १८४० मधील 'उल्वा फेनेस्ट्राटा' हे नाव लागू झाले.

या निष्कर्षाचा अर्थ आपल्या दृष्टीने लक्षणीय आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत 'उल्वा लॅक्टुका' म्हणून दिलेली वाढीची, तापमानाची किंवा रासायनिक घटकांची माहिती बऱ्याच प्रमाणात दुसऱ्याच जातीची असू शकते. उलट, आपल्याकडे 'फॅसिएटा' म्हणून नोंदविलेले शैवालच कदाचित खरे लॅक्टुका असेल.

७. भारताचा पश्चिम किनारा

येथे 'कदाचित' हा शब्द हेतुपूर्वक वापरला आहे. संग्रहातील प्रत्येक 'फॅसिएटा' खोडून 'लॅक्टुका' लिहिले की प्रश्न सुटला, असे नाही. मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील शैवालांचा पद्धतशीर अभ्यास बर्गेसन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९३० पासून प्रसिद्ध केला. त्यानंतरच्या दीर्घ काळात जातिनिश्चिती प्रामुख्याने आकारावरून होत आली. जनुकीय पद्धती हाती आल्यावर वेगळेच चित्र दिसू लागले. २०१४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील नळीसारख्या उल्वातून 'उल्वा पश्चिमा' ही नवी जाती वर्णिली गेली. २०१६ मध्ये 'उल्वा चौगुली' ही आणखी एक नवी जाती भारतातून नोंदविली गेली. त्याच अभ्यासात 'उल्वा लॅक्टुका' आणि 'उल्वा ओहनोई' यांचीही भारतीय किनाऱ्यावरून नोंद झाली. यांपैकी ओहनोई ही जाती २००४ मध्ये जपानमधून प्रथम वर्णिली गेली होती आणि मोठ्या प्रमाणावर फोफावण्यासाठी ती प्रसिद्ध आहे. तिचाही कायक पानासारखाच असतो. संग्रहातील जुन्या नमुन्यांमध्ये अशी दुसरी जाती मिसळलेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

८. अचूक ओळख कशासाठी?

नावांच्या या बदलांचा व्यवहाराशी काय संबंध, अशी शंका अन्य विद्याशाखांतील वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. तिचे उत्तर चीनमधील एका घटनेतून मिळते. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमधील शिडांच्या नौकांच्या स्पर्धा छिंगदाओ येथे होणार होत्या. त्यापूर्वी काही आठवडे तेथील समुद्रावर हिरव्या शैवालाचा प्रचंड थर पसरला आणि दहा लाख टनांहून अधिक शैवाल काढावे लागले. ते शैवाल 'उल्वा प्रोलिफेरा' होते. दक्षिणेकडील जिआंग्सू किनाऱ्यावर खाद्य लाल शैवालाच्या शेतीसाठी उभारलेल्या तराफ्यांवर ते वाढत होते, असे पुढील अभ्यासातून निष्पन्न झाले. तराफ्यांवर उल्वाच्या अनेक जाती होत्या. परंतु सुटल्यावर तरंगत दूरवर जाऊन वाढत राहण्याची क्षमता मुख्यतः या एका जातीत होती. सर्वांना सरसकट 'उल्वा' म्हटले असते, तर उगम आणि उपाय दोन्ही सापडणे कठीण झाले असते.

फ्रान्समधील ब्रिटनीच्या किनाऱ्यावर शेतीतून वाहून येणाऱ्या नायट्रेटमुळे उल्वाचे ढीग साचतात. ते कुजताना विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण होतो. २००९ मध्ये अशा ठिकाणी एका घोड्याचा मृत्यू झाला आणि त्याचा स्वार बेशुद्ध पडला. दुसऱ्या बाजूस, उल्वा खाद्य म्हणून वापरले जाते, मत्स्यशेतीतील पाण्यातून नायट्रोजन शोषून घेण्यास उपयोगी पडते आणि त्याच्या पेशीभित्तिकेतील 'उल्वान' या शर्करायुक्त द्रव्यावर औषधी दृष्टीने संशोधन चालू आहे. असे संशोधन चुकीच्या नावाने प्रसिद्ध झाले, तर ते दुसऱ्यास पडताळून पाहता येत नाही. विज्ञानात निष्कर्षाइतकेच त्याच्या पडताळणीस महत्त्व असते.

९. महाविद्यालयीन संग्रहासाठी कार्यपद्धती

जनुकीय विश्लेषणाची सोय प्रत्येक महाविद्यालयात असणे शक्य नाही. तथापि असे विश्लेषण पुढे कधीतरी, कोणालातरी करता येईल अशा रीतीने नमुना जतन करणे सर्वांनाच शक्य आहे. त्यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) उधाणाच्या दिवशी पूर्ण ओहोटीच्या सुमारास, तळाच्या चकतीसह कायक काढावा. वाहून आलेला नमुना असल्यास तशी स्पष्ट नोंद करावी. मालवण येथील काही सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे. तेथे पूर्वपरवानगीशिवाय काहीही गोळा करू नये.

२) कायकाचा एक लहान तुकडा कोरडा टिपून सिलिका जेलमध्ये बंद ठेवावा. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या नमुन्यातील जनुकीय द्रव्याची हानी होते. म्हणून केवळ फॉर्मॅलिनच्या बाटलीवर विसंबू नये.

३) उरलेला कायक पाण्याच्या तबकात तरंगवून त्याखाली जाड कागद सरकवावा, वर मलमलीचे कापड आणि टीपकागद ठेवून दाबावा. उल्वा स्वतःच्या चिकटपणानेच कागदास धरून बसते.

४) चिठ्ठीवर स्थळ, दिनांक, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील जागा, आधार खडक की अन्य, गोड पाण्याचा किंवा सांडपाण्याचा सान्निध्य आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहावे. आडव्या छेदाची आकृती व जाडी त्यासोबत जोडावी.

५) जातीविषयी खात्री नसल्यास 'उल्वा, जाती अनिश्चित' असे लिहावे. जुनी चिठ्ठी कधीही काढून टाकू नये. नवे मत दिनांकासह तिच्या शेजारी जोडावे.

यांपैकी पाचवी सूचना अध्यापनाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची वाटते. प्रात्यक्षिक परीक्षेत प्रजाती, तिची लक्षणे आणि छेद बरोबर देणाऱ्या विद्यार्थ्यास जातीच्या पाठ केलेल्या नावासाठी वेगळे गुण देणे कितपत योग्य आहे, याचा अभ्यास मंडळांनी विचार करावा. पुरावा जेथे थांबतो तेथे आपले विधानही थांबले पाहिजे, ही शिस्त या साध्या शैवालाच्या निमित्ताने शिकविता येते.

१०. समारोप

उल्वा ही प्रजाती रंग, पेशींची मांडणी आणि दोन थरांचा छेद यांवरून साध्या साधनांनी ओळखता येते. जातीची ओळख मात्र आकारावरून संभाव्य असते, निश्चित नव्हे. तिची खातरजमा जनुकीय पुराव्यानेच होते. या शैवालाच्या नावाविषयीचा गोंधळ अडीचशेहून अधिक वर्षांनी दूर होऊ शकला, कारण कागदावर चिकटविलेला एक वाळका तुकडा इतका काळ जपला गेला होता. लिनियस यांच्या नमुन्यावरील नावाचा अर्थ लोकांनी चुकीचा लावला, तरी नमुना आपल्या जागी राहिला आणि अखेरीस त्यानेच उत्तर दिले. आपल्या महाविद्यालयांच्या कपाटांतील उल्वाचे नमुने वयाने लहान असतील. परंतु स्थळ, दिनांक आणि प्रामाणिक नोंद यांसह ते जपले गेले, तर कोकण किनाऱ्याच्या उद्याच्या अभ्यासकास त्यांचा तसाच आधार मिळेल.